मधली वर्षे

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. शाळेला सुटी असल्याने नातू सकाळीच माझ्या खोलीत येऊन बसला आणि त्याने आपला मोबाईल माझ्या पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. अमेरिकेत टेक्सासमधील आर्लिंग्टन या गावी तेव्हा आदल्या दिवशीची रात्र होती आणि माईक टायसन रिंगमध्ये उतरत होता. चित्र मधूनमधून अडकत होते, तेवढ्या वेळात नातू मला माहिती पुरवीत होता. टायसनचे वय ५८, समोरच्या जेक पॉलचे २७. पण वजने पाहावीत तर टायसन २२८ पौंडांच्या किंचित वर आणि पॉल २२७च्या किंचित वर. म्हणजे फरक फक्त एका पौंडाचा. तेव्हा सामना अगदी बरोबरीचा आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो मला पटावा अशी त्याची अपेक्षा होती.

दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत टायसन पुढे सरसावला. तिसरीपासून तो नुसता उभा राहू लागला. मोजणाऱ्यांनी नंतर जे आकडे दिले त्यांत पॉलने २७८ ठोसे मारून ७८ लागू केले आणि टायसनने अवघे ९७ मारून १८. नातवाला त्या वेळी हे आकडे ठाऊक नव्हते, पण डोळ्यांना दिसत होते तेवढे पुरेसे होते.

“आबा, हा मारत का नाहीये?”

“मारायचे आहे रे त्याला,” मी म्हणालो आणि थांबलो. पुढे काय सांगावे हे मला माहीत होते, पण चौदा वर्षांच्या मुलाला ते दोन वाक्यांत सांगता येईना. त्याच्या प्रश्नाचे ते राहिलेले उत्तर म्हणजेच हा लेख.

माझ्या या विषयातील अधिकाराबद्दल आधीच सांगून टाकलेले बरे. तो फार मोठा नाही. ग्वाल्हेरला महाविद्यालयात असताना, १९७६ ते १९७९ या काळात, मी ५४ किलो वजनी गटात मुष्टियुद्ध खेळत असे. आमच्या घरात हा प्रकार कोणालाच मान्य नव्हता. मराठी घरातल्या मुलाने तालमीत जावे, मल्लखांब करावा, फार तर कुस्ती खेळावी. तोंडावर ठोसे खाऊन घरी येणे हे वडिलांच्या मते व्यायामात मोडत नव्हते. आम्हाला शिकवीत ते सैन्यातून निवृत्त झालेले एक सूबेदार होते. दोरीच्या उड्या, सावलीशी खेळणे, वाळूच्या पोत्यावर हात आणि आठवड्यातून दोनदा समोरासमोरचा सराव, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम.

१९७८च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. जवळजवळ आठ महिने हात बांधून बसावे लागले. बरा झाल्यावर मी महिनाभर कसून मेहनत केली, वजन पुन्हा ५४वर आणले, दोरीचा वेग पूर्वीइतका आला, पोत्यावरचा आवाजही पूर्वीसारखाच येऊ लागला. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो आणि पहिल्याच सामन्यात, ज्या मुलाला मी आदल्या वर्षी सहज हरविले होते त्याच्याकडून मार खाऊन बाहेर आलो. त्या हरण्यातील एक गोष्ट मला आजही स्पष्ट आठवते. त्याचा उजवा हात निघालेला मला दिसत होता. डोके डावीकडे न्यायचे आहे हेही मला कळत होते. डोके गेलेही, पण ठोसा बसल्यानंतर. दुसऱ्या फेरीनंतर कोपऱ्यात सूबेदारसाहेब माझ्या तोंडावर पाणी मारीत म्हणाले, “दम तो ले आया, बेटा, टाइम कहाँ छोड़ आया?” त्यांचा हा प्रश्न मी त्या वेळी टोमणा समजलो. तो टोमणा नव्हता, निदान होते.

मुष्टियुद्धाविषयी बोलताना लोक पहिल्यांदा आकाराबद्दल बोलतात, आणि ते स्वाभाविकच आहे. आकार दिसतो. उंची फुटपट्टीने आणि वजन काट्यावर मोजता येते. ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहरात जे घडले ते आजही लहानाने मोठ्याला लोळविल्याची कथा म्हणून सांगितले जाते. जगज्जेता जेस विलर्ड साडेसहा फुटांहूनही उंच, वजन २४५ पौंड. आव्हान देणारा जॅक डेम्प्सी सहा फूट एक इंच आणि १८७ पौंड. अठ्ठावन्न पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वीस किलोंचा फरक. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने विलर्डला सात वेळा खाली पाडले आणि तिसऱ्या फेरीनंतर विलर्ड आपल्या स्टुलावरून उठलाच नाही. पाडल्यानंतर दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहण्याचा नियम तेव्हा लागू नव्हता. डेम्प्सी शेजारीच उभा राहून, तो उठताच पुन्हा मारीत होता. सात या आकड्याला या गोष्टीचाही हातभार होता, हे सांगायला हवे.

पण मला या कथेतले दुसरेच कलम महत्त्वाचे वाटते. विलर्ड त्यापूर्वी शेवटचा लढला होता मार्च १९१६मध्ये. सव्वातीन वर्षे तो विजेतेपद सांभाळून बसला होता आणि टोलेडोला आला तेव्हा ३७ वर्षांचा होता. डेम्प्सी २४ वर्षांचा, आणि त्या सबंध काळात एकामागून एक लढत आलेला. अठ्ठावन्न पौंड सर्वांना दिसले. सव्वातीन वर्षे काट्यावर चढवता येत नसल्यामुळे कोणी मोजली नाहीत.

आणि नियतीचा हिशेब किती चोख असतो पाहा. हाच डेम्प्सी १४ सप्टेंबर १९२३ रोजी अर्जेंटिनाच्या लुईस फिर्पोशी लढला. फिर्पो त्याच्याहून वीस-पंचवीस पौंडांनी जड. त्याने डेम्प्सीला पहिल्या फेरीत दोरांच्या बाहेर, पत्रकारांच्या अंगावर फेकले, तरी दुसऱ्या फेरीत डेम्प्सीच जिंकला. त्यानंतर विजेतेपदासाठी तो लढलाच नाही. चित्रपट, लग्न, कोर्टकचेऱ्या यांत तीन वर्षे गेली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियाला भर पावसात, एक लाख वीस हजार प्रेक्षकांसमोर, जीन टनीने त्याला दहा फेऱ्यांत गुणांवर हरविले. दोघांची वजने जवळजवळ सारखी होती. अंगावर येणारा कोणी राक्षस तिथे नव्हता. टनी नुसता अर्धे पाऊल मागे राहून मारीत होता, आणि जिथे टनी असायला हवा होता तिथे डेम्प्सीचा ठोसा पोहोचे तेव्हा तिथे कोणी नसे. सुजलेल्या चेहऱ्याने तो परतला तेव्हा पत्नीने काय झाले म्हणून विचारले; वाकायला विसरलो, असे त्याने तिला सांगितले. लोकांनी ते विनोद म्हणून लक्षात ठेवले आहे. कावीळीनंतरचा तो सामना खेळलेल्या माझ्यासारख्याला त्यात विनोद फारसा दिसत नाही. त्याने अगदी खरे तेच सांगितले होते.

पुढच्याच वर्षी, जुलै १९२७मध्ये, त्याने जॅक शार्कीशी एक सामना खेळला आणि सप्टेंबरमध्ये शिकागोत पुन्हा टनीसमोर उभा राहिला. या खेपेस सातव्या फेरीत त्याने टनीला खाली पाडले. दूरच्या कोपऱ्यात जायला त्याने उशीर केला म्हणून पंचांची मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनी सावरला, हा वाद अजूनही रंगतो. सामना टनीनेच जिंकला. पण वयाने एक वर्ष वाढलेला हा डेम्प्सी आदल्या वर्षीच्या डेम्प्सीपेक्षा चांगला होता, आणि मधे एक खरा सामना खेळण्यापलीकडे त्याने वेगळे काय केले होते, हे मला तरी सापडत नाही.

आकाराला काहीच महत्त्व नाही असे माझे म्हणणे नाही. तसे असते तर वजनी गट पाडायची गरजच नव्हती. १९०९मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबाने आठ गट निश्चित केले ते काही हौसेखातर नव्हे. १ मार्च १९३४ रोजी मायामीला प्रिमो कार्नेरा आणि टॉमी लफ्रन यांचा सामना झाला. लफ्रन हा खालच्या गटाचा माजी विश्वविजेता, कसबाने कार्नेरापेक्षा कितीतरी सरस, पण वजनात ८६ पौंडांनी कमी. पंधरा फेऱ्या कार्नेरा त्याच्यावर रेलत राहिला, ढकलत राहिला, त्याचे अवाढव्य पाय लफ्रनच्या पायांवर पडत राहिले आणि निकाल कार्नेराच्या बाजूने लागला. जड माणसाचा खरा उपद्रव ठोशात नसतो. त्याला मिठी मारावी लागते, त्याचे वजन आपल्या मानेवर घ्यावे लागते, आणि प्रत्येक फेरीत ते थोडे थोडे वाढत जाते. आमच्या तालमीतल्या कोणत्याही पोराला हे सांगावे लागत नाही. मोठ्या गड्याखाली एकदा सापडले की डाव आठवतात, पण छाती भरत नाही.

तरीही चपळ आणि कसबी माणूस हा हिशेब मांडू शकतो. ७ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूरेंबर्गला डेव्हिड हेने सात फुटी निकोलाय वालुएव्हला, जवळजवळ शंभर पौंडांच्या फरकाने लहान असून, बारा फेऱ्या नुसते पायांवर हरविले. ताजे उदाहरण ओलेक्सांद्र उसिकचे. २१ डिसेंबर २०२४ रोजी रियाधमध्ये टायसन फ्यूरी २८१ पौंडांचा होता आणि उसिक २२६चा. उंचीत सहा इंचांचा फरक. त्याच वर्षी मे महिन्यात एकदा हरविलेल्या फ्यूरीला त्याने पुन्हा हरविले. उसिकच्या कारकिर्दीत लांबलचक खंड नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्ण, मग खालच्या वजनात सर्व पट्टे, मग वरच्या. तो पायरी पायरीने मोठ्या माणसांच्या अंतराची सवय करत गेला. समोरच्याचा आकार तुम्हाला सामना ठरल्या दिवसापासून माहीत असतो. त्याच्या उंचीचा सरावजोडीदार आणता येतो, पवित्रा बदलता येतो. स्वतःत पडलेल्या खंडाचे मात्र मोजमाप पहिला ठोसा खाईपर्यंत मिळत नाही.

लहान वजनात हे गणित अधिक कठीण होते, आणि इथे माझ्या मताला छेद देणारे उदाहरण आपल्याच देशातले आहे. मेरी कोम २००७मध्ये जुळ्या मुलांची आई झाली. २००८मध्ये ती परतली आणि त्याच वर्षी चीनमधील निंगबो येथे ४६ किलो गटात जागतिक विजेती ठरली. खंड तिने भरून काढला. पण २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी तीनच गट होते, ५१, ६० आणि ७५ किलो. तिला ५१मध्ये खेळावे लागले. पाच-सहा किलो म्हणजे कार्नेराच्या जगात काहीच नव्हे, पण पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोंच्या बाईसाठी ते स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक. उपान्त्य फेरीत निकोला ॲडम्सने तिला ११-६ असे हरविले. कांस्यपदक मिळाले, आणि ते थोर होते यात शंका नाही. तिच्या बाबतीत वर्षांनी जे केले नाही ते किलोंनी केले. तेव्हा माझे मत हे मत आहे, सिद्धान्त नव्हे.

आता मुहंमद अली. त्याच्याविषयी लिहिताना माझा तोल थोडा जातो, वाचकांनी तो सांभाळून घ्यावा.

मार्च १९६७मध्ये अलीने झोरा फॉलीला हरविले. एप्रिलमध्ये त्याने सैन्यभरती नाकारली, परवाने गेले, विजेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर बाहेर असलेला हा मनुष्य महाविद्यालयांतून व्याख्याने देत पोट भरीत होता. २६ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटात तो जेरी क्वारीविरुद्ध पुन्हा उभा राहिला तेव्हा त्रेचाळीस महिने उलटले होते. वजन पाहिले तर फॉलीच्या वेळेपेक्षा दोनच पौंडांचा फरक. क्वारीच्या भुवईला खोक पडून तिसऱ्या फेरीतच सामना थांबला, त्यामुळे काय हरवले आहे ते दिसलेच नाही. डिसेंबरमध्ये बोनाव्हेनाविरुद्ध पंधरा फेऱ्या लागल्या. आणि ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियर.

फ्रेझियर अलीपेक्षा तीन-चार इंच बुटका आणि दहा पौंडांनी हलका. आकार अलीच्या बाजूला होता. १९६७चा अली असता तर त्याने त्या बुटक्या माणसाला पंधरा फेऱ्या आपल्याभोवती फिरविले असते, असे मला मनापासून वाटते. १९७१चा अली फेरीतली एक-दीड मिनिटे पायांवर असे, मग दोरांना टेकून उभा राही. पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हुकने तो आडवा झाला. लगेच उठला, ही गोष्ट वेगळी. गुणांवर हरला. आणि जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा एकमताने रद्द केली. म्हणजे तो हरला त्यानंतर साडेतीन महिन्यांनी देशाने मान्य केले की त्याला शिक्षा व्हायलाच नको होती. पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षे परत करण्याचा अधिकार कोणत्याच न्यायालयाला नसतो.

नवा अली पुढे घडला. त्याने मार सहन करण्याची कला शिकून घेतली आणि १९७४मध्ये फोरमनला हरविले. जगाने त्या सामन्याचे कौतुक केले, मीही केले. पण जी कला त्याने पायांच्या बदल्यात घेतली तिची किंमत त्याने आयुष्यभर हप्त्याहप्त्याने फेडली, हे आता सर्वांनाच माहीत आहे.

जानेवारी १९८०मध्ये अली भारतात आला होता. २७ तारखेला दिल्लीत त्याने आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांचा प्रदर्शनीय सामना केला. ग्वाल्हेरहून दिल्ली तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. माझ्याजवळ गाडीभाड्याचे पैसे होते, सूबेदारसाहेब बरोबर यायला तयार होते. पण लोकसेवा आयोगाची परीक्षा जवळ आली होती आणि वडील एकच वाक्य बोलले, “परीक्षा दरवर्षी येते म्हणून तीच सोडायची का?” मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला. तो आता इतका पिवळा पडला आहे की अली कोणता आणि कौर सिंग कोणता हे सांगावे लागते.

तेव्हा अलीचा शेवटचा खरा सामना होऊन सोळा महिने झाले होते. त्या ऑक्टोबरमध्ये तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला. अडतिसाव्या वर्षी वजन २१७ पौंड, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या सामन्यापेक्षाही कमी. छायाचित्रांत तो विलक्षण तरुण दिसतो. ते वजन उतरविण्यात थायरॉइडच्या गोळ्यांचा हात होता, हे नंतर बाहेर आले. काट्याने यौवनाचा दाखला दिला आणि दहा फेऱ्यांत त्याच्याकडून एक धड ठोसा निघाला नाही. अखेर त्याच्या कोपऱ्यानेच सामना थांबविला.

इथे मला स्वतःबद्दल थोडे सांगायचे आहे. एरवी मी ते या पानांवर लिहिले नसते.

१९९९मध्ये मी एका खात्यात मध्यम दर्जाचा अधिकारी असताना एका खरेदी प्रकरणात माझे निलंबन झाले. मुख्यालय दुसऱ्या जिल्ह्यात ठरवून देण्यात आले, अर्ध्या पगाराइतका जीवननिर्वाह भत्ता, आणि रोज जाऊन हजेरीपटावर सही करायची. काम कोणतेही नाही. खुर्ची मिळे, टेबल मिळत नसे. अशी तीन वर्षे गेली. चौकशीत आरोप सिद्ध झाले नाहीत. २००२मध्ये मला कामावर परत घेण्याचा जो आदेश आला त्याच्या शेवटी लिहिले होते, “निलंबन अवधि कर्तव्य अवधि मानी जाए।” थकबाकी मिळाली, वेतनवाढी मिळाल्या. नातेवाईक पेढे घेऊन आले. सेवापुस्तिकेत त्या तीन वर्षांचा मागमूस उरला नाही.

पहिल्याच आढावा बैठकीत एका विषयावर मला नेमके उत्तर माहीत होते. मी तोंड उघडले तेव्हा अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले होते. घरी येऊन मी कितीतरी वेळ उगाच हसत होतो, कारण मला कावीळीनंतरचा तो उजवा हात आठवला. नियम तेच होते, भाषा तीच होती, मीही तोच होतो. मधल्या काळात संगणक आले होते, पण त्यांची अडचण नव्हती, ती शिकता येत होती. अडचण होती ती अंतराची. कोणता कागद थांबवायचा, कोणता त्याच दिवशी जाऊ द्यायचा, समोरचा माणूस किती खरे बोलतो आहे, हे पूर्वी मला न ठरवता कळे. आता ठरवावे लागत होते, आणि ठरवीपर्यंत कागद पुढे गेलेला असे.

तिसऱ्या महिन्यात एका टिप्पणीवर मी सोबतचे परिशिष्ट न पाहता सही केली. पूर्वी असे माझ्या हातून कधी घडले नव्हते. परिशिष्टातला आकडा चुकीचा होता. वर विचारणा झाली तेव्हा ज्याने ती टिप्पणी तयार केली होती त्या कनिष्ठ लिपिकाला नोटीस निघाली. ती चूक पकडणे हे माझे काम होते आणि मी तसे लिहून द्यायला हवे होते. मी दिले नाही. नुकताच एका प्रकरणातून सुटून आलो होतो, दुसऱ्या कागदावर माझे नाव लागू नये या भीतीने मी गप्प राहिलो. चार महिन्यांनी, माझे पाय थोडे जमिनीला लागल्यावर, मी माझी जबाबदारी लेखी कळविली. तोवर त्याची एक वेतनवाढ रोखली गेली होती. ती नंतर मोकळी झाली असे ऐकले, पण त्याने मला ते कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही.

म्हणून जे परत येऊनही जिंकले त्यांच्याकडे मी जरा बारकाईने पाहतो. शुगर रे लेनर्डने ६ एप्रिल १९८७ रोजी मार्व्हिन हॅगलरला हरविले तेव्हा पाच वर्षांत तो एकदाच लढला होता. त्याच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती. शिवाय तो खालच्या वजनाचा. हॅगलर त्या गटाचा राजा. लोक त्याला चमत्कार म्हणतात. पण लेनर्डने पंधराऐवजी बारा फेऱ्या मागून घेतल्या, रिंग मोठी मागून घेतली, आणि मुख्य म्हणजे बंद दाराआड खऱ्या सामन्यांसारखे सामने खेळून घेतले. खंड त्याने सर्वांसमोर संपविला नाही, आधीच गुपचूप संपविला. तरीही निकाल दोन पंच विरुद्ध एक असा लागला आणि हॅगलरला तो कधीच मान्य झाला नाही. मी स्वतः हॅगलरच्या बाजूचा आहे, पण तो वाद इथे नको.

जॉर्ज फोरमनची गोष्ट मला अधिक आवडते. २१ मार्च २०२५ रोजी तो गेला तेव्हा मी त्याचा तो सामना पुन्हा पाहिला. १९७७मध्ये त्याने खेळ सोडला आणि धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी, मार्च १९८७मध्ये, परतला. लोक त्याच्या पोटाला हसले. त्याने मोठ्या नावांची घाई केली नाही. अनोळखी माणसांशी, लहान गावांत, महिन्या-दोन महिन्यांनी एक असे सामने तो खेळत राहिला. १९९१मध्ये होलिफील्डकडून आणि १९९३मध्ये मॉरिसनकडून हरला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्या हाताने आडवे करून पुन्हा जगज्जेता झाला. तोवर तो तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता. मूरर २२२ पौंड, फोरमन २५०. वेग गेला होता, पाय गेले होते, पण वजन गंजत नाही. आणि अंतराची जाण त्याने सात वर्षे, हसू सोसून, एकेक सामना खेळून परत मिळविली होती. दहा वर्षांचा खंड भरायला सात वर्षे लागली.

आमच्या ग्वाल्हेरला हे गाणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. घराण्याच्या तालमीत वाढलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या शेजारी राहत. आजारपणानंतर त्यांनी सहा महिन्यांनी तंबोरा हातात घेतला तेव्हा सूर जागच्या जागी होता, पण समेवर येताना ते कणभर उशिरा येत. ऐकणाऱ्यांना ते कळतही नसे. त्यांना कळे. वर्षभर त्यांनी घराबाहेर गायला नकार दिला.

टायसनला कोणी असा नकार द्यायला सांगितले नसावे. जून २००५नंतर तो व्यावसायिक सामना खेळला नव्हता. मधे एक प्रदर्शनीय खेळ झाला तेवढाच. एकोणीस वर्षे. त्याला मिळालेली रक्कम मोठी होती आणि त्याचे निर्णय करणारा मी कोण? शेवटच्या फेरीत घंटा होण्यापूर्वी पॉल थांबला आणि त्याने टायसनला वाकून नमस्कार केला. नातवाला ते फार आवडले. मला त्या क्षणी दुसरीकडे पाहावेसे वाटले.

सामना संपल्यावर नातू उठला आणि माजघराच्या दारात पवित्रा घेऊन उभा राहिला. या दोन वर्षांत तो माझ्याहून चार बोटे उंच झाला आहे.

“मारा आबा, बघू.”

मी उठलो. डावा पाय पुढे आपोआप गेला, हनुवटी आपोआप खाली आली, या गोष्टीचे मलाच नवल वाटले. त्याने खांदा हलविला आणि डोके कुठे जाणार ते मला आधीच दिसले. मी डावा हात टाकला. हात तिथे पोहोचला तेव्हा तो केव्हाच बाजूला होऊन हसत होता, आणि आतून सूनबाई विचारीत होती, की पोहे थंड होत आहेत, खेळ आटोपला का तुमचा.